रिंगणात कोण बोललं

१२ जुलै १९३३, बुधवार

वाचणाऱ्या, तू कोण ते मला ठाऊक नाही. पण तुला अक्षर येतं म्हणजे तू विसराळू असणार, एवढं नक्की. कागदावर मांडलं की तुमचं डोकं रिकामं. परवा कोणती भाजी खाल्लीस ते आठवतंय का? मला माझ्या लग्नात कोणाच्या ताटात वरण कमी पडलं तेही आठवतं. म्हणून एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस. मी नर्मदाबाई. तापीच्या काठी, प्रकाशा गावाच्या पलीकडे आमचं गाव. मला एक अक्षर येत नाही. लिहिते ती वत्सला, माझ्या नातवाची बायको, सातवी पास. मी आपल्या बोलीत बोलते, ती शाळेच्या मराठीत उतरवते. कुठे कुठे माझंच ठेवते, कारण तिला हसू येतं.

वही नातवाची, पितांबरची. तो पुण्याला तत्त्वज्ञान शिकतो. मे महिन्यात आला होता, जाताना छत्री, चष्म्याचं घर आणि ही कोरी वही विसरून गेला. आणखी काय विसरला ते सांगितलं तर वत्सला लिहायची थांबेल.

वही मला राग ठेवायला पाहिजे. घरात ठेवला तर भांडी फुटतात.

आज टपालाने मासिक आलं. त्यात पितांबरचा लेख छापलाय. वत्सला मोठ्याने वाचत होती, मी तूर पाखडत होते. आधी हुरळले. दोन पानांनंतर सूप आपटलं.

लेखात असं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात द्राक्षांच्या दारूचा एक देव होता. त्याच्या सणाला पन्नास पुरुष वेदीभोवती रिंगण धरायचे. पावा वाजायचा. एक जण पुढे येऊन ओळ टाकायचा, बाकीचे झेलायचे. त्या गाण्याला डिथिरँब म्हणत. गाता गाता माणूस बेभान व्हायचा, त्याचं ‘मी’पण वितळायचं. त्यातूनच म्हणे पुढे त्यांची नाटकं निघाली. मग साठ वर्षांपूर्वी एका जर्मन तत्त्वज्ञाने हे सगळं उकरून काढलं. तो म्हणाला, नुसती अक्कल आणि मापात बसवलेलं शहाणपण माणसाला सुकवतं. त्या गाण्यातली आग विसरलात म्हणून तुम्ही असे फिके झालात. तेव्हापासून युरोपातले मोठे मोठे विचारवंत अकलेवरच संशय घ्यायला लागले.

इथवर मला राग नव्हता. पन्नास पुरुष नाचत होते तर घरी भाकरी कोण थापत होतं, एवढंच विचारायचं होतं.

पुढे मी आले. नाव नाही, ‘माझी अशिक्षित आजी’. लिहितो की, अकरा वर्षांपूर्वी देवीचं वारं आलं तेव्हा माझ्या आजीच्या तोंडून देवी बोलली आणि साऱ्या गावाने दारू टाकली. लिहितो की, ती बोलत नव्हती, तिच्यातून बोललं जात होतं. ती रिकामी झाली होती. शुद्धीवर आल्यावर तिला एक शब्दही आठवला नाही. म्हणून जे ग्रीसमध्ये मेलं ते खानदेशात जिवंत आहे.

रिकामी! तुरीचं टरफल मी?

१३ जुलै, गुरुवार

काल झोपेतही दात खात होते म्हणे. बरं झालं.

आज तो भाग परत वाचून घेतला. जो पुढे उभा राहून ओळ टाकतो, तोही बेभान. हे कोणी सांगितलं ह्याला? मी चाळीस वर्षं श्रावणातल्या कानबाईच्या सणाला रिंगणात पुढे आहे. मागच्या बाया डोळे मिटून झेलतात, कारण मी डोळे उघडे ठेवते. पुढची ओळ मला ठाऊक नसेल तर त्या झेलतील काय, माझं डोकं? कोणाचा श्वास तुटतोय, कोणाचं पोर रडतंय, डफवाला पुढे पळतोय का, हे सगळं एका बाजूला चालू असतं आणि दुसऱ्या बाजूला ओळ जुळत असते. हे काम आहे. नांगर सरळ धरण्याइतकं काम आहे.

वत्सलाला विचारलं, “तो जर्मन कधी रिंगणमा उभा ऱ्हायना का?”

ती म्हणाली, “नाही हो मोठी माय. हे सांगत होते, त्याचं डोकं फार दुखायचं. एकटाच राहायचा, डोंगरात.”

“म्हणजे त्याले कोनी नाचाले बलावं नही. ज्याले बलावत नही तोच नाचवर पोथी लिखस.”

वत्सला हसली. ती हसली हेही लिही म्हटलं.

आणि त्यांचा देव दारू घेऊन यायचा. आमच्याकडे देवी आली ती दारू ओतून टाका म्हणाली. केवढा फरक! तो लेखात कुठे आहे? खाली, बारीक अक्षरात. ‘हा अपवाद समजावा.’ आमचं अख्खं गाव ह्याने पानाच्या तळाशी चिरडून ठेवलं.

१६ जुलै, रविवार

मगन येऊन गेला. अकरा वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान हा चालवायचा. देवीनंतर ते बंद पडलं, त्याने बैलांचा व्यापार धरला. पण मनातून दुकान गेलेलं नाही. दर वर्षी पंचांना विचारतो, पंच म्हणतात, “देवीना शबद शे,” आणि तो जातो.

मासिक शाळेच्या मास्तराकडेही येतं. मगन ओट्यावर बसला, पाणी प्यायला, गोड बोलला.

“मोठी माय, तुम्हले खरंच काही याद नही का? मास्तरनी वाची दाखाडं. तुम्ही काही बोलन्यातच नही म्हने.”

“बरं मंग?”

“नही, मी म्हनतो, इतकं गुंफेल गाणं. असं आपोआप कसं येई? आम्हले तं तव्हयच वाटनं, हाई बाई हुशार शे. खरं सांगा, तुम्ही बोलन्यात का देवी बोलनी?”

पितांबरने मला मूर्ख ठरवलं आणि हा माझं कौतुक करायला आला. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी! मीच! वत्सलाने आतून तांब्या पाडला. मुद्दाम पाडला, आता लिहिताना ती कबूल करते आहे.

मी म्हटलं, “तुन्हा बाप बोलना.” मगन उठून गेला.

१७ जुलै, सोमवार

वत्सलाने विचारलं नाही. विचारलं नाही म्हणूनच सांगते. तिला शपथ घातली आहे.

त्या हिवाळ्यात देवी गावोगाव फिरत होती. डोंगराकडच्या वाड्यांत, गुजरातकडे, सगळीकडे कोणाच्या तरी अंगात येत होती. दारू सोडा, अंघोळ करा, भांडू नका, असं सांगत होती. आमच्याकडे पहिल्यांदा ती दिवलीबाईच्या अंगात आली. ती भिलाटीतली, माझ्याबरोबर कापूस वेचायची. पण तिचं ऐकून तिचे लोक सुधारले, आमच्या आळीतले नाही. भिलांच्या देवीचं आपण काय ऐकायचं म्हणाले. मग आमच्यांनी आपला मांडव घातला. तीन दिवस सगळे हात जोडून बसले. कोणाच्याच अंगात काही येईना. बाजूला मगनचं दुकान चालूच.

ह्याचा बाप, म्हणजे पितांबरचा बाप, माझा मोठा मुलगा, त्याच पावसाळ्यात पिऊन तापीत बुडाला होता. तीन महिने झाले होते.

मी ते तीन दिवस कापूस वेचत होते आणि ओळी जुळवत होते. भट्टी थंडी करा रे, चूल गरम करा. जी माय वाट देखी ऱ्हायनी, तिन्हा घर जा. अशा अकरा. कुठे श्वास घ्यायचा, कुठे केस सोडायचे, सगळं ठरवलं. दिवलीबाईला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, नववी ओळ लांब आहे, पाय अडकेल. ती तोडून आखूड केली. चौथ्या दिवशी मांडवात उभी राहिले आणि घुमले. दुपारपर्यंत रस्त्यात दारूचे ओहोळ. माणसं रडत होती. मगनचं दुकान त्यांनीच उचकटलं.

गाणं माझं. अकराच्या अकरा ओळी माझ्या. एवढं गाव हलवणारं गाणं आणखी कोणी रचलं असेल तर त्याला समोर आणा. आणि माझा नातू छापतो, ती रिकामी होती.

आणि हे मला कोणाला सांगता येत नाही. सांगितलं की देवीचा शब्द हा एका म्हातारीचा शब्द होतो, आणि मगन उद्या दुकानाचं कुलूप काढतो. वत्सला, हे पान चिकटवून टाक.

(ती म्हणते, चिकटवलं तर उलट सगळे उघडतील. हुशार आहे.)

२३ जुलै, रविवार

पितांबरचं पत्र. कानबाईला येतोय, बरोबर त्याचे प्राध्यापक. त्यांना ‘प्रत्यक्ष अवस्था’ पाहायची आहे. मी सोमवारी मिरवणुकीत घुमेन ना, अशी चौकशी आहे. माझी तब्येत कशी, ही चौकशी त्याच्या खाली. वत्सलाला दीड ओळ.

घोड्याचे दात बघायला सारंगखेड्याच्या जत्रेला जातात तसं हे यायचे.

२८ जुलै, शुक्रवार

आज रोटांचे गहू मोजले. आमच्यात कानबाईला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात आणि त्याचे रोट करतात. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. धाकटा मुलगा नथ्थू, त्याचे दोघे पोरगे, झाले. मग हात थांबला. पितांबरची मूठ घालायची का? नथ्थूची बायको बघत होती, वत्सला खाली बघत होती.

घातली. पण मूठ आवळून घातली. सव्वाची पाऊण झाली असेल.

३० जुलै, रविवार

आले. प्राध्यापक लांब, बारीक, भला माणूस वाटतो. बूट काढताना पडला. पितांबरने मला वाकून नमस्कार केला आणि लगेच विचारलं, “मोठी माय, वारं साधारण किती वाजता येतं?”

“गाडीना टाईम शे का तो?”

जेवताना मात्र कहर केला. पाहुण्याच्या ताटात ह्याने स्वतः रोट वाढला! शहरात शिकून आलेला दिलदार यजमान! मी ते ताट ओढून घेतलं. माणसाचा हात घासावर आलेला. पितांबर लाल झाला, मला कोपऱ्यात घेऊन गेला.

“मोठी माय, काय हे! ते पुण्याहून आले आहेत.”

“आनि तू कोठून उना रे? कानबाईना रोट बाहेरना मानूसले? रिंगणना नियम पोथीमा लिखतस, नि घरना नियम भूली गया?”

मग माझा बांध फुटला. लेखावरून बोलले. रिकामी कोण, अशिक्षित कोण, मला एकदा तरी विचारलंस का काय आठवतं ते? आधी विचारायचं, मग छापायचं. त्या जर्मनाला विचारलंस, मेलेल्या ग्रीकांना विचारलंस, चुलीपुढे बसलेल्या बाईला नाही विचारलंस!

तो म्हणाला, “विचारलं होतं. मी अकरा वर्षांचा होतो. तू मांडवातून आलीस, मी तुझा पदर धरला आणि विचारलं, मोठी माय, तू काय बोललीस ते तुला आठवतं का? तू म्हणालीस, माले काही याद नही रे बेटा.”

खरं आहे. म्हटलं होतं.

भाकरी जळत होती म्हणून मी चुलीकडे गेले. भाकरी जळत नव्हती.

३१ जुलै, सोमवार

सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन तापीकडे निघालो. नदी चढलेली, पाणी तांबडं. वाजंत्री, डफ, बायांच्या फुगड्या. काठावर मगन, पंचांच्या खांद्याला खांदा लावून. झाडाखाली प्राध्यापक, हातात वही. त्याच्या शेजारी माझा दिवटा.

मी काल रात्रीच ठरवलं होतं. घुमणार. आणि तीनच गोष्टी बोलणार.

रिंगण धरलं, केस सोडले, ओळी टाकल्या, बायांनी झेलल्या. मग मगनपुढे गेले. “बैलना दात मोजस तोच हात ठेव, दुकानना कुलूपले हात लावू नको.” पंचांनी हात जोडले. मगननेही जोडले, काय करतो! मग पितांबरपुढे. “घर दीड ओळ लिखस, नि परदेशना देवले चाळीस पानं? बायको वाट देखस, तिले पान भर लिख.” बाया ओरडल्या, वत्सलाने तोंड झाकलं. मग प्राध्यापकांना, “बूट उचल रे बाबा, पानी ई ऱ्हायनं.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. बूट वाहून गेला.

तीन. मोजून तीन. मग कानबाईला पाण्यात सोडलं आणि घरी आलो. रिकामी कोण ते आता समजलं असेल.

१ ऑगस्ट, मंगळवार

वत्सला म्हणते, चौथंही बोललात.

मी म्हटलं, खोटं.

ती म्हणते, कानबाई पाण्यात सोडली, सगळे मागे फिरले, तुम्ही मात्र गुडघाभर पाण्यात उभ्या होता. रिंगण मोडलं होतं. डफ थांबला होता. तुम्ही नदीकडे हात केला आणि बोललात. गाण्यातलं नव्हतं. ओरडलातही नाही, रोज अंगणातून हाक मारतात तसं.

काय बोलले म्हणे?

ती लिहिते आहे, मी लिहू दिलं. “भटू, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी. घर ये.”

हे मी बोललेले नाही. मी अकरा वर्षांत माझ्या मोठ्याचं ते नाव घेतलेलं नाही. मी तीन ठरवल्या, तीन बोलले. बायांना कानात पाणी गेलं असेल. वत्सलाला ऐकायची सवय वाईट आहे. नथ्थूने ऐकलं नाही. नथ्थूला विचारलं तर तो गोठ्यात निघून गेला.

माझे पाय मात्र भिजलेले होते. आठवत नाही कसे.

आज एवढंच. डोकं दुखतंय.

२ ऑगस्ट, बुधवार

सकाळी पाहुण्यांना टांगा आला. पितांबर सगळं विसरतो तसा काहीतरी विसरून परत आत आला, म्हणून मी बघितलंही नाही. तो चुलीपाशी बसला. लहान असताना बसायचा तिथेच.

“मोठी माय, पहिल्या तीन तुझ्या होत्या. मला दिसलं. मला रागावण्याआधी तू वत्सलाकडे बघून खात्री करून घेतलीस. बेभान बाई असं बघत नाही.”

मी राख ओढत राहिले.

“आणि मांडवातलं गाणंही तुझंच. आठवत नसतं तर लेख वाचून तू एवढी चिडली असतीस कशी?”

जळो ते तत्त्वज्ञान. एवढं शिकवतात तर आधीच का नाही शिकवत?

मग तो हळू म्हणाला, “आणि चौथी?”

“चौथी नही व्हती.”

तो उठला. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोठ्यांच्या डोक्यावर हात ठेवतात का? अक्कल नाही. मी हात झटकला. जरा उशिरा झटकला.

१२ ऑगस्ट, शनिवार

पत्र आलं. वत्सलाला पूर्ण पान, दोन्ही बाजूंनी. ते तिने मला वाचून दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

मला वेगळं पत्र. लिहितो की, त्याच्या प्रबंधाचं ते प्रकरण त्याने फाडलं. प्राध्यापक नाराज आहेत, सहा महिन्यांचं काम गेलं. आता त्याला दुसरं मांडायचंय. तो जर्मन आणि त्याच्या मागून आलेले सगळे रिंगणाबाहेरून बघत होते, म्हणून त्यांना आग दिसली, आग सांभाळणारा दिसला नाही. पुढे उभा राहणारा ग्रीक भानावर असणार. तो ओळी जोडत असणार, पाय मोजत असणार. आणि इतकं भानावर राहूनही कधीतरी त्याच्या तोंडून त्याची नसलेली ओळ निघत असणार. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, हा खरा प्रश्न आहे आणि तो अजून कोणी नीट विचारलेला नाही, असं म्हणतो. त्यासाठी त्याला मांडवातलं गाणं छापायचं आहे. अकराही ओळी. वर माझं नाव, ‘कवयित्री नर्मदाबाई’. माझी परवानगी मागितली आहे. ह्या खेपेला आधी विचारलं.

वत्सलाने ते तीनदा वाचलं. मीच वाचायला लावलं. कवयित्री. माझ्या आयुष्यात मला कोणी असं काही म्हटलेलं नाही. दिवलीबाईकडे गेले, तिला सांगितलं. ती म्हणाली, नववी ओळ मी तोडली तेही छापणार का? मग आम्ही दोघी हसलो. तिची तिन्ही मुलं समोर वखर जोडत होती. तिघंही जिवंत.

संध्याकाळी वत्सलाला म्हटलं, घे, लिही त्याला.

पितांबर, गाणं छापायचं नाही. माझं नाव तर नाहीच. छाप की देवी बोलली. छाप की म्हातारी रिकामी होती, तिला काही आठवत नाही. पहिला लेख होता तसाच राहू दे, पुण्यातल्या शहाण्यांना खुशाल सुखी कर. ह्या गावात आता तीस-चाळीस पोरं मोठी होतायत, त्यांनी बापाला झिंगलेलं पाहिलेलं नाही. ती माझ्या नावाने नाही, देवीच्या नावाने कोरडी आहेत. मला राग आहे. तुझ्यावर, मगनवर, त्या जर्मनावर, आणि सगळ्यात जास्त ह्याच्यावर, की एवढं रचून मला तोंड मिटून मरायचं आहे. तो राग तू छापू नकोस, पण विसरूही नकोस. तुझं ते दुसरं, दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात ते, लिही. ग्रीकांची उदाहरणं घे. त्यांची पोरं आता कोणी बिघडवू शकत नाही.

आणि चौथी नव्हती.

वत्सला, आता वही मिट. परवा नथ्थू नंदुरबारला गाडी घेऊन जातोय, त्याच्याबरोबर स्टेशनावर पार्सल दे. पंधरा दशम्या, दुधात भिजवलेल्या, पुण्यापर्यंत टिकतील अशा. लसणाची कोरडी चटणी डबाभर, मिरची हात राखून घालू नको, डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे त्याच्या. उन्हाळ्यात केलेले ज्वारीचे बिबडे, पापडासारखे ते, दोन डझन, वर फडकं बांध, मोडतात. गोड मात्र काही घालू नको. मी अजून रागात आहे.